फ्रेंच हॉटेलात गोड खायचं की नाही

मी पुण्याला गेले ती नकार द्यायला, हे आधीच सांगून टाकते.

नातू पुण्यात एका कंपनीत कामाला आहे. सहा वर्षं झाली. त्याने तिथेच मुलगी पसंत केली आणि पोळ्याला घरी आला तेव्हा बैल धुता धुता बापाला सांगितलं. मुलीला वडील नाहीत. आई बँकेतून निवृत्त झालेली. त्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या मास्तर आणि कारकून, आमच्या घरात शेती. जात वेगळी. माझ्या मुलाने तीन दिवस पोराशी बोलणं टाकलं.

मला जातीचं फारसं काही वाटलं नाही. आमच्या गावात पस्तिशीला आलेली पोरं बिनलग्नाची फिरतात. त्यांच्या आया आता जात सोडा, जिल्हासुद्धा विचारत नाहीत. माझी अडचण दुसरी होती. मिरजगावला माझ्या बहिणीची नात होती. अंगाने धडधाकट, दोन म्हशींची धार एकटी काढायची. तिला मी मनात धरून ठेवलं होतं. ती घरात आली असती तर नातू आज ना उद्या गावाकडे वळला असता. पुण्याची केली की तो गेलाच, असा माझा हिशेब होता.

तर मुलीच्या आईने जेवायला बोलावलं. घरी नाही, हॉटेलात. तेही फ्रेंच.

"हॉटेलात?" मुलगा म्हणाला. "घर न्हाई का त्यांला?"

"हाय की, अण्णा. दोन खोल्यांचा फ्लॅट हाय," नातू म्हणाला.

"मग? सोयरिकीला मानसं घरी बोलावत्यात. हाटेलात गिऱ्हाईक जातं."

तो गेला नाही. सून जाऊ शकत नव्हती. गोठ्यात पाय घसरून तिचं हाड मोडलं होतं, गुडघ्यापर्यंत प्लास्टर. तसं तिला कोणी काही विचारलंही नव्हतं. पोराची आई असून तिचं मत काय, हे घरात कोणाच्या डोक्यातच आलं नाही. माझ्याही नाही. मुलाने धारेचं आणि सुनेच्या पायाचं कारण पुढे केलं आणि मला म्हणाला, "आई, तू जा. तू गोड खाऊन आलीस तर माझी ना न्हाई. न्हाई खाल्लंस तर इषय संपला."

हे आमच्याकडचं सांगायला हवं. सोयरिकीचं बोलायला गेलं की चहा घ्यावा, पाणी घ्यावं, जेवायलाही बसावं. त्याने काही ठरत नाही. पण त्या घरचं गोड तोंडात घातलं की शब्द दिला. नकार द्यायचा असेल तर पोटाला बरं नाही म्हणायचं आणि शिऱ्याची वाटी बाजूला सरकवायची. दुसऱ्या बाजूचे लोक समजतात. तोंडावर कोणी कोणाला नाही म्हणत नाही. वाईट वाटायचं ते आपापल्या घरी गेल्यावर वाटतं.

नातवाने हे ऐकलं आणि त्याचं तोंड उतरलं. त्याला माहीत होतं की मी फुकट गोड खाणारी बाई नाही.

रविवारी सकाळी तो मला गाडीतून घेऊन गेला. काष्टी गाव मागे पडेपर्यंत गप्प होता. मग म्हणाला, "आज्जी, तू तिला बघ तरी आधी."

"डोळे हायेत मला," मी म्हटलं.

हॉटेल बाहेरून बंगल्यासारखं. आत पांढरे टेबलक्लॉथ, इतके पांढरे की हात ठेवायची भीती वाटावी. दहा-बारा टेबलांवर माणसं जेवत होती आणि आवाज फक्त चमच्यांचा. आमच्याकडे दोन माणसं जेवायला बसली तरी यापेक्षा जास्त कल्ला होतो. काळा एप्रन घातलेला एक पोक्त वाढपी आला, माझी खुर्ची मागे ओढली आणि मी बसताना पुन्हा पुढे सरकवली. मी आयुष्यात पंगती वाढल्या, पण कोणाला असं बसवलं नाही.

मुलगी आणि तिची आई आधीच येऊन बसल्या होत्या. मुलगी सावळी, चष्मा लावलेली, केस कापलेले. तिने वाकून नमस्कार केला, टेबल मध्ये आलं म्हणून अर्धाच. आई बारीक, कॉटनची साडी, पाठ ताठ. तिच्या हातातला रुमाल ओला झाला होता. म्हणजे तीही घाबरलेली होती. हे पाहून मला जरा बरं वाटलं.

मेनूचं पुठ्ठ्याचं पुस्तक दिलं. मी चौथी शिकलेली, मला त्यातलं काही कळणार नव्हतंच. पण नातूही पानं उलटत राहिला. शेवटी मुलीने त्याच्या हातातून ते काढून घेतलं.

"आजी, तुम्हाला कांद्याचं सूप चालेल?" तिने विचारलं.

"कांद्याचं? कांदा तर मी घरी रोज बघते."

"म्हणून तर. कसा केलाय ते सांगा."

सूप आलं. मातीच्या वाडग्यात, वर पावाची चकती आणि त्यावर वितळलेलं चीज. मी चमचा घातला. तपकिरी झालेला कांदा, गोडसर, जिभेवर विरघळणारा. तिखट नाही, हळद नाही, तरी चव होती. कांदा असा व्हायला तासभर तरी मंद आचेवर परतावा लागतो, आणि करणाऱ्याने मध्ये उठून जायचं नाही. मी तसं बोलून दाखवलं.

"उन्हाळी कांदा हाय," मी म्हटलं. "जुना. नव्या कांद्याला इतकं पाणी सुटतं की असा रंग येणार न्हाई."

मुलीने वाढप्याला बोलावून विचारलं. तो आत जाऊन आला आणि म्हणाला, हो, चाळीत साठवलेला जुनाच कांदा वापरतात. मुलगी हसली. नातवाच्या खांद्यावरचं ओझं थोडं उतरलेलं दिसलं.

आणि तेवढ्यात घोटाळा झाला.

सुपाचे वाडगे उचलले आणि वाढप्याने प्रत्येकासमोर एक छोटा काचेचा पेला आणून ठेवला. पांढरा बर्फाचा गोळा, वर पुदिन्याचं पान. मी वास घेतला. लिंबू आणि साखर. म्हणजे गोड! जेवण अजून यायचं आहे, आणि मध्येच गोड?

मी नातवाकडे पाहिलं. त्याचं तोंड पांढरं पडलं होतं. मला वाटलं, ही याचीच चाल. म्हातारी भुकेली असताना घाईने काहीतरी गोड तोंडात घालेल, मग आज्जीने शब्द दिला म्हणायला मोकळा. मी चमचा खाली ठेवला आणि पेला दोन बोटांनी पुढे सरकवला.

"आज्जी, मला खरंच माहीत नव्हतं हे येतं म्हनून," तो हळूच म्हणाला.

"व्हय का?"

"आईशपथ."

मुलीच्या आईला काही कळेना. "आवडत नाही का? तोंडाची चव बदलायला देतात, पुढच्या जेवणाआधी," ती म्हणाली. "तुम्हाला शुगर आहे का?"

"न्हाई. शुगर फॅक्टरीच्या भोंग्यावर आमी उठतो. साखरेचं वावडं न्हाई."

ती आणखी गोंधळली. मुलगी मात्र माझ्याकडे बघत राहिली. पेल्यातला गोळा हळूहळू पाणी झाला.

मग जेवण आलं. माझ्यासमोर वांगी, टोमॅटो, भोपळा आणि ढोबळी मिरचीच्या चकत्या एकमेकींना टेकवून गोल रचून ठेवलेल्या. एवढी मेहनत करून शेवटी वांग्याची भाजीच. पण चांगली होती, आणि पावाबरोबर छान लागत होती. मी हाताने खाल्ली. कोणी काही म्हटलं नाही. मुलीने कोंबडी मागवली होती, मलईच्या रश्शात, वर अळिंबी.

मी माणूस पाहते ते जेवताना. बोलण्याचं कोणालाही शिकवता येतं. या मुलीने कोंबडीच्या हाडाला काही ठेवलं नाही. मग पावाचा तुकडा घेतला आणि बशीतला रस्सा पुसून पुसून खाल्ला. आमच्याकडे भाकरीच्या शेवटच्या घासाने ताट पुसतात तसं.

"अगं, असं पुसू नये," तिची आई कुजबुजली. "लोक बघतायत."

"बघू देत. रस्सा टाकायचा का मग?"

मी मान खाली घातली, कारण मला हसू येत होतं आणि नकार द्यायला आलेल्या बाईने हसून चालत नाही.

मग मी मुलाचा प्रश्न विचारून टाकला. "बाई, राग मानू नका. पण घरी का बोलावलं न्हाई?"

तिने रुमाल टेबलावर ठेवला. "खरं सांगू? मला लग्नाआधी सतरा जणांनी पाहिलं. सतरा वेळा पोह्यांचा ट्रे घेऊन बाहेर आले. एकाने पोहे खाऊन मीठ कमी म्हणून सांगितलं आणि गेला. त्या वेळीच ठरवलं होतं, मुलगी झाली तर तिच्या हातात ट्रे द्यायचा नाही. घरी बोलावलं असतं तर शेवटी कोणीतरी तिला म्हणालंच असतं, जा, पाणी आण. इथे ट्रे आणायला माणूस आहे."

मला पाहायला आले होते तेव्हा मी बारा-तेरा वर्षांची होते. मला ओसरीत या टोकापासून त्या टोकापर्यंत चालून दाखवायला लावलं. मग सुपात तांदूळ देऊन खडे निवडायला सांगितलं. डोळे कसे आहेत ते बघायचं होतं. मी एक खडा मुद्दाम ठेवला. मला वाटलं, नापास झाले तर घरीच राहीन. कोणाला खडा दिसलाच नाही. हे मी आजवर कोणाला सांगितलं नव्हतं, त्या टेबलावर सांगितलं. मुलीची आई मोठ्याने हसली आणि मग तोंडावर हात ठेवला, हॉटेलात आहोत म्हणून.

पण हसणं वेगळं आणि शब्द देणं वेगळं. मी मुलीकडे वळले.

"गावाला राहायला येशील का?"

"नाही," ती म्हणाली. एवढं सरळ. "सणाला येईन. कोणी आजारी असलं तर येईन, लागेल तितके दिवस राहीन. पण गोठ्यातलं मला काही येत नाही, आणि शिकेन असंही खोटं सांगणार नाही."

"म्हंजी माझा नातू गेला म्हनायचा."

"आजी, तो सहा वर्षांपूर्वीच गेलाय. मी तर त्याला दोन वर्षांपूर्वी भेटले."

नातवाने डोळे मिटले. मला राग यायला हवा होता. आला नाही, कारण हे मला ठाऊक होतं आणि घरात कोणी बोलत नव्हतं. मिरजगावची मुलगी आली असती तर ती गावात म्हशींच्या धारा काढत बसली असती आणि हा शनिवार-रविवारी येऊन गेला असता. तिला मी काय तोंड दाखवलं असतं?

वाढप्याने बशा नेल्या आणि गोड आणलं. पसरट वाट्या. आत दुधाचं पिवळसर, खरवसासारखं. वर साखर जाळून तिची काच केलेली. तांबूस, चकचकीत. सगळे माझ्या हाताकडे बघायला लागले. म्हणजे नातू आणि मुलगी. आई बिचारी चमचा उचलून बसली होती, मी सुरुवात करेन म्हणून.

मी चमचा उचलला नाही.

"आजी," मुलगी म्हणाली, "मला माहितीये. यानं सांगितलंय मला गोडाचं. नाही म्हणायचं असेल तर तोंडाने म्हणा ना. मघाशी ते लिंबाचं वितळवलंत. आता हेही वाया घालवायचं का?"

"काय गोडाचं?" तिची आई घाबरून म्हणाली. मुलीने दोन वाक्यांत सांगितलं. चमचा तापल्यासारखा आईने तो झटकन खाली ठेवला.

मला या वयात कोणी असं बोललेलं नाही. सून बोलत नाही, मुलगा बोलत नाही. माझ्या डोळ्यांपुढे तो सुपातला खडा आला. मी एवढी हुशारी करण्यापेक्षा तोंडाने नाही म्हटलं असतं तर?

"एक इचारते," मी म्हटलं. "याच्यात काय बघितलंस तू?"

"स्वयंपाक येतो त्याला. मला येत नाही."

"याला? घरी पान्याचा तांब्या भरून घेत न्हाई हा!"

"रोज करतो, आजी. मटणाचं कालवण तर असं करतो की शेजारचे वास घेत येतात. तुमच्या घरचा काळा मसाला लागतो म्हणतो त्याला, दुसरा चालत नाही."

सून दर दोन महिन्यांनी किलोभर मसाला धाडायची. मला वाटायचं, पोरगं मित्रांना वाटत असेल. मी नातवाकडे पाहिलं. तो कानापर्यंत लाल झाला होता. चोरी पकडल्यासारखा.

"आईकडून शिकलास?"

"फोनवर," तो म्हणाला. "अण्णा रानात गेले की फोन करतो. आई सांगत जाते."

म्हणजे सुनेला सगळं माहीत होतं. या मुलीबद्दलसुद्धा. बोलली नाही, कारण कोणी विचारलं नाही.

मी नातवाला म्हटलं, "लाव फोन घरी. तोंड दिसतंय तो लाव."

मुलगा पहिल्याच घंटीला फोनवर आला. म्हणजे हातात धरूनच बसला होता. मागे सून खाटेवर, प्लास्टरचा पाय उशीवर.

"झालं का जेवन?" मुलगा म्हणाला. "गोड खाल्लं का?"

"समोर ठेवलंय. तू काय म्हनतोस?"

"मी काय म्हनू? तू हायस ना तिथं."

"तसं न्हाई. उद्या तू मला ऐकवशील, तूच खाऊन आलीस म्हनून. आन ते ऱ्हाऊ दे, फोन तिच्याकडं दे. सूनबाई, तुझं काय म्हननं हाय?"

मुलगा फोन धरून तसाच बसला. त्याला वाटलं त्याने चुकीचं ऐकलं. मग सुनेने त्याच्या हातातून फोन ओढला.

"आत्या," ती म्हणाली, "तुमी गोड खावा. मी कवाच खाल्लंय."

"कवा?"

"तुमी निघाल्यावं. साखरंचा डबा मागितला आन टाकली चिमूट तोंडात. ह्यांला वाटलं चहाला मागितला."

मुलीची आई रडायला लागली. मला रडण्याचं कारण दिसलं नाही, पण रुमाल ओला होताच, तो कामाला आला.

"अन् ह्यो?" मी विचारलं.

"थांबा," सून म्हणाली. फोन हलला, छप्पर दिसलं, गोठा दिसला. मग मुलाचा आवाज आला, "अगं, हात धुतला न्हाई," आणि सुनेचा, "मग तोंड उघडा की, हात कशाला लागतोय?" मग डब्याचं झाकण वाजलं. मग मुलगा म्हणाला, "खा आई," आणि तोंडात साखर असल्यासारखा आवाज होता.

मी चमच्याने वरची काच फोडली. टक्‌कन फुटली. आतलं थंड, वरचं कडक, थोडं कडसर. खरवसाइतकं चांगलं नव्हतं, पण वाईटही नव्हतं. मी सगळं खाल्लं आणि कडेचं बोटाने पुसून घेतलं. मुलीनेही पुसलं. तिच्या आईने आमच्याकडे पाहिलं, मग आजूबाजूला पाहिलं, आणि तिनेही बोट घातलं.

बाहेर पडताना मी वाढप्याला सांगितलं की कांदा चांगला केला होता, पण वाडगं लहान आहे. घरी आल्यावर मी भाकरी आणि पिठलं खाल्लं. माणसाचं पोट भरायला ते जेवण नव्हतं. पण मी पुन्हा कोणी नेलं तर जाईन.

मुलाला मी ट्रेची गोष्ट सांगितली. सतरा वेळा, असं दोनदा सांगितलं. तो उसाला पाणी द्यायला निघून गेला. त्याला काही लागलं की तो पाणी द्यायला जातो.

पुढच्या महिन्यात त्या दोघी आमच्याकडे आल्या. सुनेचा पाय अजून प्लास्टरातच. मी चहा टाकला, पोहे केले आणि कोणाला हाक मारावी असा विचार करत होते, कारण नातू गाडी लावायला गेला होता. तेवढ्यात मुलगा आत आला. डोक्याची टोपी सरळ केली, ट्रे उचलला आणि बाहेर गेला. साठीला आलेला माणूस, हातात ट्रे कधी धरला नव्हता. दाराशी एक कप कलंडला, पोह्यांवर थोडा चहा गेला.

मुलीच्या आईने एक घास खाल्ला आणि त्याच्याकडे बघून म्हणाली, "मीठ कमी आहे हो."

मुलगा माझ्याकडे बघायला लागला. मीठ मीच घातलं होतं आणि ते बरोबर होतं. मी गप्प बसले. कळू दे त्यालाही एकदा.